रॉक बँडमधून पॉवर-पॉपकडे: गिटारवाल्याचा पहिला अल्बम गढूळ का होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षं हार्ड रॉक बँडमध्ये लीड गिटार वाजवली, आता चार जणांचा स्वतःचा पॉवर-पॉप (गोड चालीचा, झळाळत्या गिटारींचा रॉक) बँड काढलाय आणि गातोही स्वतःच. पहिल्या अल्बमसाठी ११ गाणी तयार आहेत. डेमोत गिटार दणदणीत लागते, पण गाणं उठत नाही. गाणाऱ्याचा आवाज मागे पडतो, कोरस (धृपद) आला तरी आल्यासारखा वाटत नाही. मिक्स (गळा आणि वाद्यांच्या आवाजांचा मेळ) तीनदा बदलून झाला, तरी तेच. चुकतंय कुठे?

चूक मिक्सच्या आधीच होऊन गेलेली आहे, म्हणून मिक्स बदलून फरक पडत नाही. गाण्याची पट्टी, ॲम्पचा गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारा नॉब) आणि कुठल्या कडव्यात किती गिटारी वाजतात, या तीन गोष्टी अजून हार्ड रॉकच्या सवयीने ठरताहेत. त्या बदलल्या की मिक्सचं निम्मं काम आपोआप होतं.

आधी एक जुनं उदाहरण घेऊ, कारण तुमच्या वाटेने एक जण बरोबर गेलेला आहे. इंग्लंडच्या 'द मोटर्स' या बँडचा गिटारवादक ब्रॅम चायकॉव्स्की १९७८च्या सुमारास बाहेर पडला. त्याच वर्षी मोटर्सचं 'एअरपोर्ट' ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ४थ्या क्रमांकावर गेलं होतं, म्हणजे चालता बँड सोडून तो निघाला. बँडला स्वतःचंच नाव दिलं. बास आणि कीबोर्डवर मिकी ब्रॉडबेंट, ड्रमवर 'हेवी मेटल किड्स' या बँडमधून आलेला कीथ बॉइस. तिघांचा पहिला अल्बम 'स्ट्रेंज मॅन, चेंज्ड मॅन' १९७९मध्ये आला आणि त्यातलं 'गर्ल ऑफ माय ड्रीम्स' अमेरिकेच्या यादीत ३७व्या क्रमांकापर्यंत पोचलं. हे गाणं गिटारवाल्याने पुन्हा पुन्हा ऐकावं. गिटारी भरपूर आहेत, पण एकही गिटार गाणाऱ्याच्या आडवी येत नाही. चाल ऐकू येते, आणि गिटार त्या चालीभोवती चमकत राहते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या: अल्बमचं सगळ्यात गाजलेलं हे गाणं ब्रॅमने स्वतः लिहिलेलं नव्हतं. बँडचा म्होरक्या झालो म्हणून ११च्या ११ गाणी आपलीच हवीत असा हट्ट धरू नका. बासवाल्याकडे दोन चांगल्या चाली असतील तर त्या घ्या, तुमच्या सगळ्यात कच्च्या दोन गाण्यांपेक्षा त्या सरसच निघतील.

आता पट्टी. तुमच्या गाण्यांची यादी काढून बघा: बहुतेक गाणी पांढरी तीन किंवा पांढरी सहामध्ये असतील, कारण गिटारच्या मोकळ्या खर्ज तारा तिथे आहेत आणि रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) तिथेच वजनदार लागतो. एखाद-दुसरं ड्रॉप-डीमध्येही (सगळ्यात जाड तार एक स्वर उतरवून) असेल. रिफ सुचला त्या पट्टीत गाणं राहिलं आणि गळा नंतर त्यात कोंबला गेला. पॉवर-पॉपमध्ये उलटं करायचं. कोरसची सगळ्यात वरची जागा शोधा. ती तुमच्या गळ्याला खोट्या आवाजात न जाता, थोडा जोर लावून, पण पाच वेळा सलग लागेल अशी हवी. बहुतेक पुरुष गळ्यांना मध्य सा म्हणजे पियानोचा मधला सी धरला, तर त्याच्या वरचा मध्यम ते पंचम हा टप्पा असतो. तिथे कोरसची सर्वोच्च जागा बसवा आणि पट्टी तिच्यावरून ठरवा. पट्टी काळी दोन निघाली तरी हरकत नाही, कॅपो (पडद्यावर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) त्यासाठीच आहे. डेमोतला आवाज मागे पडण्याचं मुख्य कारण हेच असतं. तुम्ही कोरस आरामाच्या जागेत गाताय, आणि आरामात गायलेला आवाज फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) कितीही वर ढकलला तरी पुढे येत नाही.

दुसरी गोष्ट गेन, आणि इथे थोडं खोलात जायला हवं.

हार्ड रॉकमध्ये पॉवर कॉर्ड चालते, म्हणजे फक्त सा आणि प. त्यात गंधार नसतो. याला कारण आहे. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. सा-प हे नातं सरळ असल्यामुळे ते नवे स्वर त्याच कुटुंबातले निघतात आणि आवाज भरीव होतो. सा-ग घातलात की मामला बदलतो, कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) चढा असतो. पेटीच्या गंधाराबद्दल आपल्याकडे गवई पिढ्यान्‌पिढ्या जी तक्रार करत आले, तीच ही. साफ आवाजात कान हा फरक पचवून घेतो. जास्त गेनमध्ये त्याचीच घरघर होते आणि ऐकणारा म्हणतो, 'गढूळ वाटतंय.'

पण पॉवर-पॉपचा गोडवा गंधारातच आहे. पूर्ण मेजर कॉर्ड, गंधार काढून तिथे मध्यम ठेवणारी सस-फोर, आणि तो मध्यम परत गंधारावर सोडणं, यावर ही सगळी शैली उभी आहे. तेव्हा गेन इतका उतरवायचा की गंधार स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तपासायची सोपी रीत: मोकळी डी कॉर्ड जोरात वाजवा, मग करंगळी पहिल्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर ठेवा आणि उचला. करंगळीची ये-जा डोळे मिटून स्पष्ट कळली तर गेन बरोबर आहे. नुसती घरघर बदलल्यासारखी वाटली तर अजून खाली आणा. नॉबवर हा बिंदू तुमच्या सवयीच्या साधारण निम्म्यावर येतो. मधल्या फ्रिक्वेन्सी खाली आणि दोन्ही टोकं वर अशी ॲम्पची जुनी मांडणीही सोडा. नॉब घड्याळाच्या काट्यासारखा धरला तर मिड १२ वाजताच्या पुढे, बास १० वाजताच्या मागे. एकटं ऐकताना हा आवाज बारका आणि थोडा उघडा वाटेल. वाटू द्या. त्याचा न्याय बास आणि ड्रमसोबत ऐकूनच करायचा.

मग जाडी कुठून येणार? थरांतून. कमी गेनच्या तीन-चार वेगवेगळ्या गिटारी मिळून जी भिंत होते, ती जास्त गेनच्या एका गिटारीने होत नाही. समजा गाणं पांढरी सहामध्ये आहे. पहिली गिटार मोकळ्या ए, डी, ई कॉर्ड वाजवेल. दुसरी कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावून जीच्या आकारात, तिसरी कॅपो सातव्यावर लावून डीच्या आकारात. स्वर तेच, पण प्रत्येकीच्या मोकळ्या तारा वेगळ्या उंचीवर वाजतात, त्यामुळे एकमेकींवर चढत नाहीत. पहिली डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी फक्त कोरसमध्ये.

दोन बाजूंना एकच टेक (एकदा वाजवलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून ठेवू नका. तंतोतंत सारखा आवाज दोन्हीकडे असला की तो मधूनच येतो, रुंदी शून्य. काही जण त्यातला एक २० मिलिसेकंद मागे सरकवतात. हेडफोनवर छान पसरतं, पण मोनो स्पीकरवर दोन्ही एकत्र आले की २५ हर्ट्झपासून दर ५० हर्ट्झला एक खड्डा पडतो आणि गिटार पोकळ होते. मोबाइलचा स्पीकर, दुकानातला स्पीकर, रिक्षातला ब्लूटूथचा डबा हे सगळे जवळपास मोनोच असतात. दुसऱ्यांदा वाजवून रेकॉर्ड करणं हाच उपाय, त्याला पर्याय नाही.

बारा-तारी गिटारीची झळाळी हवी असेल आणि गिटार जवळ नसेल, तर साध्या ॲकॉस्टिकवर बारा-तारी संचातल्या बारीक तारा चढवा. वरच्या दोन नेहमीच्या, खालच्या चार नेहमीपेक्षा एक सप्तक वर. जाडी पहिल्या तारेपासून .०१०, .०१४, .००९, .०१२, .०१८, .०२७. याला नॅशव्हिल ट्यूनिंग म्हणतात. .००९ची तिसरी तार फार तुटते, तीन-चार जास्तीच्या ठेवा आणि हळूहळू ताणा. ही गिटार नेहमीच्या ॲकॉस्टिकसोबत दुसऱ्या बाजूला वाजवली की बारा-तारीचा आभास होतो, आणि खऱ्या बारा-तारीपेक्षा सुरात ठेवायला सोपी जाते. खरी बारा-तारी इलेक्ट्रिक मिळाली तर कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) सढळ हाताने वापरा: अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) १ ते ३ मिलिसेकंद, प्रमाण ४:१, ८ डेसिबलपर्यंत दाब. इथे दाबामुळे स्वर लांबतो, तेच हवं असतं. बाकीच्या गिटारींना मात्र अटॅक २५-३० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर पिकचा ठोका जातो आणि गाण्याची लय मंदावल्यासारखी वाटते.

एवढे मोकळे स्वर एकावर एक आले की बेसूरपणा लपत नाही. तारा रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नको. प्रत्येक टेकआधी सूर जुळवा, आणि कॅपो लावल्यावर पुन्हा जुळवा, कारण कॅपो तारा ओढून सूर चढवतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत गिटारची मान हलते, तारा गंजतात. वातानुकूलित खोलीत गिटार आणल्यावर किमान तासभर तशीच ठेवून मग ट्यूनरला हात लावा. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं टिपणारा एकाच गुंडाळीचा भाग) असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण येते. डिमरवरचे दिवे आणि लॅपटॉपचा चार्जर बंद करा, मग खुर्चीत हळूहळू वळा. एका कोनात गुणगुण जवळपास नाहीशी होते. तिथे जमिनीवर टेपची खूण करा आणि सगळे टेक त्याच खुणेवर बसून घ्या.

थरांची मांडणी कशी असावी हे शिकायचं तर 'बिग स्टार' या अमेरिकी बँडचा '#१ रेकॉर्ड' ऐका. मेम्फिसच्या आर्डंट स्टुडिओत मालक जॉन फ्राय यांनी स्वतः ध्वनिमुद्रण सांभाळलं, अल्बम १९७२मध्ये आला. ॲलेक्स चिल्टन १६ वर्षांचा असताना 'बॉक्स टॉप्स' या बँडचा गायक म्हणून गाजलेला होता. इथे तो ख्रिस बेलसोबत गिटार वाजवतो आणि दोघं आळीपाळीने गातात. 'इन द स्ट्रीट'मध्ये दोन गिटारी एकमेकींना जागा सोडून कशा वाजतात ते आधी डाव्या कानाने, मग उजव्या कानाने ऐका. 'थर्टीन'मध्ये ड्रम नाहीतच, ॲकॉस्टिक गिटारी आणि आवाज एवढंच. 'डोन्ट लाय टू मी'ला धार कमी वाटली तेव्हा त्यांनी आणखी एक डिस्टॉर्शन चढवलं नाही, स्टुडिओत दोन नॉर्टन मोटरसायकली आणून त्यांचे थ्रॉटल पिळले. जोर हवा म्हणजे गेन हवा असं नाही, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता कोरस न उठण्याबद्दल. डेमोत पहिल्या बारपासून (चार मात्रांच्या आवर्तनापासून) दोन्ही गिटारी, पूर्ण ड्रम, राइड सिंबल, सगळं चालू आहे. मग कोरसला वाढवायला उरतंच काय? कडव्यात एक गिटार, बास, बंद हाय-हॅट आणि आवाज एवढंच ठेवा. प्री-कोरसला (कोरसच्या आधीच्या ओळींना) दुसरी गिटार लांब कॉर्ड धरून येऊ द्या. कोरसला दोन्ही गिटारी, ॲकॉस्टिक, टॅम्बरिन आणि वरचे आवाज एकदम. ॲकॉस्टिकला २०० हर्ट्झच्या खाली कापून टाका, तिचं काम शेकरसारखं आहे. शेवटी कडव्यात मास्टर फेडर १ डेसिबल खाली ठेवून कोरसच्या पहिल्या ठोक्याला परत वर आणा. कुणाच्या लक्षात येत नाही, पण अंगावर येतं.

लांबी मोजूनच ठरवा. १३२च्या लयीत चार मात्रांचा एक बार १.८२ सेकंदांचा होतो. सुरुवात ४ बार, कडवं १६, प्री-कोरस ४ धरलं तर कोरस ४४व्या सेकंदाला येतो, हे उत्तम. कोरस ८ बार, दुसरं कडवं अर्धं म्हणजे ८, प्री-कोरस ४, कोरस ८, मधला नवा भाग ८, सोलो ८, शेवटचा कोरस दुप्पट म्हणजे १६, आणि ४ बारांत शेवट. एकूण ८८ बार, २ मिनिटं ४० सेकंद. सोलो ८ बार म्हणजे साडेचौदा सेकंद. लीड गिटारवाल्याला हे जड जातं, मान्य आहे. पण त्या साडेचौदा सेकंदांत पहिले चार बार गायलेलीच चाल वाजवा आणि पुढचे चार तिच्यापासून दूर जा. लोक तो सोलो गुणगुणतील, आणि या शैलीत गिटारवाल्याला मिळणारी ही सगळ्यात मोठी दाद आहे.

आवाज दुहेरी घ्या. मुख्य चाल दोनदा गा, दुसरी ६ ते ८ डेसिबल खाली ठेवा. १९६६मध्ये ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड यांनी हे टेपवर आपोआप करण्याची युक्ती काढली, कारण बीटल्सच्या जॉन लेननला तेच पुन्हा गायचा कंटाळा यायचा. आज प्लगइन आहेत, पण हाताने गायलेल्या दुसऱ्या टेकमधली सूक्ष्म तफावत त्यांत येत नाही. नेमकी अडचण व्यंजनांची असते: ओळीच्या शेवटचा 'स' किंवा 'ट' दोन्ही टेकमध्ये वेगवेगळ्या क्षणी आला की फटाक्यासारखा वाजतो. दुसऱ्या टेकमध्ये ही अक्षरं गिळून टाका, फक्त स्वर गा. वरचे आवाज कोरसमध्ये गंधाराच्या अंतराने लावताना सतत समांतर नेऊ नका, चाल हलते तेव्हा वरच्या आवाजाला एका स्वरावर थांबू द्या. मागचे 'ऊ' तीन स्वरांत, प्रत्येक दोनदा, म्हणजे ६ ट्रॅक. प्रत्येक जोडीतला एक डावीकडे, एक उजवीकडे. आणि हे सगळं फक्त गिटारवाल्याने गाऊ नये. ड्रमरचा गळा कसाही असो, त्याचा वेगळा पोत तिथे कामाला येतो.

टाळ्या घ्यायच्या तर चार जण, माइकपासून दोन मीटर, चार टेक. संगणकाने त्या तंतोतंत मात्रेवर चिकटवू नका. १०-२० मिलिसेकंदांची विस्कट राहिली तरच त्या माणसांच्या टाळ्या वाटतात, नाहीतर एकच 'टक' ऐकू येतो.

बास पिकने वाजवावा आणि गिटारच्या सावलीत चालू नये. दर बारला सा ठोकण्याऐवजी कॉर्ड बदलताना मधले स्वर घेत जाऊ द्या. त्यासाठी गिटारींना १०० ते १२० हर्ट्झखाली कापून खालची जागा बासला मोकळी करून द्यायला हवी. हे केल्यावर मिक्सला फार काही उरत नाही. आवाज आणि गिटारी यांची झटापट २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते. गळा गात असताना तिथे गिटारी २ डेसिबल खाली आणा, ओळ संपली की परत सोडा. मास्टर फार दाबून मोठा करण्यात आता फायदा नाही. स्पॉटिफाय ऐकवताना साधारण -१४ एलयूएफएसला (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) आणतं, तेव्हा -७ला दाबलेलं गाणं नुसतं खाली ओढलं जातं आणि ठोके मात्र गेलेलेच असतात. -१०च्या आसपास थांबा, शिखर -१ डेसिबल.

अल्बमवर एखादं जुनं गाणं घ्यायचा विचार असेल (ब्रॅमनेही 'आय'म अ बिलीव्हर' घेतलं होतं, मंकीज बँडने १९६६मध्ये गाजवलेलं), तर कागद आधी करा. भारतात कॉपीराइट कायद्याच्या ३१सी कलमाखाली कव्हर करता येतं, पण मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षअखेरीपासून पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यावी लागते आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन धरून रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. नव्या बँडला हे परवडतं का ते रेकॉर्डिंगच्या आधी मोजा.

क्रम ठरवताना ११ गाणी सरासरी २ मिनिटं ५० सेकंदांची धरली तर एकूण ३१ मिनिटं होतात. पुढे व्हायनल काढायची झाली तर एका बाजूला साडेपंधरा मिनिटं येतात, हे फार सोयीचं, कारण १८-२० मिनिटांपुढे तबकडीचा आवाज खाली आणावा लागतो. तबकडीच्या आतल्या वळणांवर वरचे स्वर बोथट होतात, म्हणून प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं शांत ठेवा. झळाळत्या गिटारीचं गाणं तिथे टाकलंत तर करंगळीचा तो मध्यम पुन्हा हरवेल. ६वं आणि ११वं गाणं ॲकॉस्टिक, सगळ्यात जोरकस गाणं १लं, आणि तुमच्या मते हिट ठरेल ते २ऱ्या क्रमांकावर.